पिवळी नखं

'शाळेने तुम्हाला काय दिलं यावर लिहा,' असं स्मरणिकेच्या संपादक मंडळाचं पत्र आलं आणि मी दोन महिने टाळाटाळ केली. संस्कार, शिस्त, वाचनाची गोडी हे बाकीचे लिहितीलच, माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला शाळा म्हटलं की पहिल्यांदा आठवते ती दर सोमवारची नखं तपासणी. तेव्हा तिच्यावरच लिहिते.

मी आपल्या शाळेत १९८३ ते १९८९, पाचवी ते दहावी. परिपाठ झाला की मुलींनी हात पुढे करून उभं राहायचं. बाई एका टोकाकडून बघत येत. स्वच्छ नखांच्या मुली उजवीकडे, अस्वच्छ नखांच्या डावीकडे. जून ते डिसेंबर मी उजवीकडे असे. संक्रांत झाली की माझी बदली डावीकडे, ती थेट वार्षिक परीक्षेपर्यंत. कारण एकच, आमच्या घरी हळद निघायची.

आमची जमीन दीड एकर, त्यात अर्धा एकर हळद. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावायची आणि नऊ महिन्यांनी काढायची, त्यामुळे जानेवारी ते मार्च घरात दुसरा विषय नसे. आधी पाला कापायचा, मग कुदळीनं कांद्या, म्हणजे हळदीच्या कंदांचे झुबके, उपटायच्या, माती झटकायची आणि मोडायला बसायचं. मधला जेठा गड्डा वेगळा, त्याला फुटलेली हळकुंडं वेगळी. हे मोडायचं काम बायकांचं आणि पोरांचं. ओलं हळकुंड कट्कन मोडलं की आत जो रंग दिसतो तो पिवळा नसतोच मुळी, चांगला केशरी असतो. बोटांना लागतो तेव्हा ओला असतो, कळत नाही. तासाभरानं बघावं तर नखांच्या कडा, बोटांच्या रेषा, तळहाताच्या भेगा सगळं पिवळं जर्द. खरवडून निघत नाही, कारण तो नखावर नसतो, नखात असतो.

पहिल्या वर्षी मी बाईंना सांगून पाहिलं, "बाई, घाण नाही, हळद आहे." बाई म्हणाल्या, "असू दे. हात धुऊन यायचं." त्यांचं चुकलं असं आज म्हणवत नाही. चाळीस पोरींची नखं बघायची, त्यात कुणाची हळद आणि कुणाची माती हे कुठे निवडत बसणार? पण पाचवीतल्या पोरीला ते कसं कळावं? घरी येऊन मी कपड्याचा साबण घेतला आणि रांजणापाशी बसून हात घासायला लागले. आणि हात लाल झाले! रक्त आलं असं वाटून मी भोकाड पसरलं. आजी आतून आली, हात बघितले आणि हसत सुटली. "आगं, कुंकू झालं की गं! कशाला घासतीयास एवढं?" मग तिनं अंगणातल्या झाडाचं अर्धं लिंबू पिळलं आणि लाल हात परत पिवळे झाले. तिला यात विशेष काही वाटलं नाही. हळदीचं कुंकू होतं हे तिच्या लेखी सूर्य उगवतो एवढंच जुनं होतं.

त्या वयात पिवळा रंग मला आवडत नव्हता, हे लिहायलाच हवं. आमचा गणवेश पांढरा शर्ट आणि निळा स्कर्ट. पांढरा शर्ट आणि हळद यांचं वैर घरोघरी माहीत आहे. हंगामात माझ्या शर्टाच्या कॉलरला, खिशाला, बाहीला कुठे ना कुठे बोट उमटलेलं असायचंच. आई शर्ट धुवायची आणि साबणानं लाल झालेला डाग तसाच उन्हात टाकायची. संध्याकाळपर्यंत डाग फिका, दुसऱ्या दिवशी जवळजवळ नाहीसा. 'साबणानं भांडायचं नाही, उनाला द्यायचं,' असं ती म्हणायची.

आठवीत विज्ञानाला नवे सर आले. प्रयोगशाळा म्हणजे कोपऱ्यातली ती खोली, एक कुलूपबंद कपाट आणि फुटक्या तोंडाच्या परीक्षानळ्या. आम्ल आणि आम्लारी शिकवायची वेळ आली तेव्हा लिटमस कागदाची डबी रिकामी निघाली. सरांनी वर्गाला विचारलं, "हळद कुणाकडे आहे?" अर्धा वर्ग माझ्याकडे बघून हसला. मी दुसऱ्या दिवशी रुमालात पुडी बांधून आणली. सरांनी हळद पाण्यात कालवून टीपकागदाला दोन्ही बाजूंनी फासली, खिडकीत वाळवली आणि कात्रीनं पट्ट्या कापल्या. साबणाच्या पाण्यात पट्टी लाल. चुन्याच्या निवळीत लाल. लिंबाच्या रसात जशीच्या तशी पिवळी. लाल झालेली पट्टी लिंबात बुडवली की पुन्हा पिवळी.

मग सरांनी मला पुढे बोलावलं आणि हात टेबलावर ठेवायला सांगितला. मला वाटलं, आता इथेही नखं तपासणी. त्यांनी ड्रॉपरनं चुन्याच्या निवळीचा एक थेंब माझ्या अंगठ्याच्या नखावर सोडला. थेंबाच्या कडेनं आधी लालसर रेघ आली, मग सगळं नख विटकरी झालं. चाळीस पोरं टेबलाभोवती एकमेकांच्या खांद्यावरून बघत होती. सर म्हणाले, "कपाटातला लिटमस संपतो. हिचा संपत नाही."

तेव्हापासून दहावीपर्यंत माझं नाव लिटमस. या स्मरणिकेच्या वाचकांत ज्यांना माझं खरं नाव आठवत नसेल त्यांना आता ओळख पटली असेल.

पिवळ्याशी माझं जुळलं ते तिथून. 'अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं' ही म्हण आपण हिणवायला वापरतो. मी तर एका थेंबानं झाले, आणि अजून उतरले नाही.

त्याच वर्षीच्या सुट्टीत काकांच्या मागे लागून मी सांगलीजवळच्या हरिपूरला पेव बघायला गेले. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हरिपूर आणि तिथली पेवं आपल्या भागात कुणाला सांगायला नको, पण शहरात वाढलेल्या नातवंडांसाठी लिहिते. जमिनीत खोल खणलेली ही कोठारं. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढंच आणि आत खोलीएवढा पोकळ पोटारा. कडेनं पाचट लावून त्यात वाळलेली हळद भरायची, तोंड मातीनं बंद करायचं. वर्षं गेली तरी हळदीला कीड नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. हवा खेळू द्यायची, मग कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही. मी तोंडाशी पालथी पडून आत बघत होते. खाली कंदिलाच्या उजेडात काका पाट्या भरत होते. त्यांचे केस, भुवया, बनियन, पाय सगळं एकाच रंगाचं, डोळे तेवढे पांढरे. वर बघून ते हसले तेव्हा दात दिसले. पिवळा रंग म्हटला की माझ्या डोळ्यासमोर बहावा येत नाही, दसऱ्याचा झेंडू येत नाही. जमिनीखालचा तो माणूस येतो.

नववीची सहल जेजुरीला गेली होती, एसटीच्या लाल गाडीतून. पायऱ्यांवर भंडारा उधळला आणि पोरी किंचाळायला लागल्या, कारण सगळ्यांनी सहलीचे नवे कपडे घातले होते. संध्याकाळी मुक्कामाला नळावर साबण घेऊन रांग लागली. मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलले असेन, "साबण लावू नका! लाल होईल! उद्या उन्हात वाळत घाला." दोघींनी ऐकलं नाही, त्यांचे फ्रॉक विटकरी झाले. बाकीच्यांनी ऐकलं. आणि नखं तपासणाऱ्या बाईंनी स्वतःची साडी झटकून, काही न बोलता, दोरीवर माझ्या शर्टाशेजारी टाकली. तो माझ्या शालेय जीवनातला सर्वोच्च सन्मान. बक्षीस समारंभात मला कधी काही मिळालं नाही.

पुढचं थोडक्यात. दहावीनंतर सांगलीत रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. केलं, लग्न होऊन पुण्याला आले आणि १९९६ पासून अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी केली. हळद जखम भरते यावर अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला १९९५ साली पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. त्या दिवशी प्रयोगशाळेत पेढे वाटले. मला मात्र आजी आठवत होती. फुटलेल्या गुडघ्यावर हळद दाबून धरणारी आणि वर 'रडू नगं' म्हणून दम देणारी.

प्रयोगशाळेत येणाऱ्या मसाल्यांमधे हळदीचे नमुने मी मागून घ्यायची. कपात पावडर, त्यावर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब. नमुना गुलाबी होतो. हळद शुद्ध असली तरी होतो, इथे नवखा माणूस फसतो. मग पाणी घालायचं. गुलाबी रंग गेला तर हळद, टिकला तर तिच्यात मेटॅनिल यलो नावाचा कृत्रिम रंग. त्याहून वाईट लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा. हा ऑइल पेंटमधला रंग, आणि लोक तो हळकुंडांना चकाकी यावी म्हणून चोळतात. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. जो नमुना बघताक्षणी डोळ्यात भरतो, त्याच्याबद्दल आधी शंका घ्यावी. शिजवून वाळवलेलं खरं हळकुंड बाहेरून मातकट असतं. पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळून क्विंटलभर उरते, त्यावर ड्रममधे फिरवून पॉलिश करावं तेव्हा कुठे अंगावर पिवळेपणा येतो. दळल्यावरसुद्धा ती भडक नसते. लोकांना भडक हवी असते म्हणून कुणीतरी भडक करून देतं. घरी कुणाला तपासायची असेल तर पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाका. खरी खाली बसते आणि पाणी फिकं पिवळं राहतं. पाणीच गर्द पिवळं झालं तर ती दुकानदाराला परत द्या.

माझ्या कपाटात नऊ पिवळ्या साड्या आहेत. साडीच्या दुकानात मुलगा विचारतो, "मॅडम, लेमन दाखवू की मस्टर्ड?" मी म्हणते, "हळदी." तो जे काढतो ते बहुतेक वेळा लेमनच असतं. आजच्या पक्क्या रंगांच्या साड्यांवर माझा थोडा रागच आहे. वीस धुण्यांनंतरही तशाच. हळदीचा रंग असा पक्का बसत नाही. उन्हानं उडतो, साबणानं लाल होतो, लिंबानं परत येतो. समोर काय आलं त्याला उत्तर देतो तो. माझ्या लग्नाची हळद लावलेली सुती साडी मी मुद्दाम न धुता ठेवली होती. ट्रंकेच्या अंधारात आहे म्हणून अजून पिवळी आहे, एवढंच.

२००५ च्या पुरात हरिपूरची बरीच पेवं पाण्याखाली गेली. पाणी उतरल्यावर मी गावी आले होते. काका तेव्हा थकले होते, तरी मला घेऊन गेले. पेवांतून कुजलेल्या हळदीचा वास येत होता. रंगाला वास असतो हे मला आधीही माहीत होतं, पण तो सडू शकतो हे तेव्हा कळलं. काका म्हणाले, "आता गोदामंच." पुढे २०१८ ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ते नव्हते.

आमच्या अर्ध्या एकरात भाऊ अजून हळद करतो. हळद शिजवायच्या काहिलीच्या, म्हणजे मोठ्या कढईच्या, जागी आता भाड्यानं वाफेचा कुकर येतो, तासाभरात घाणा उतरतो. पूर्वी काहिलीवर पाला आणि गोणपाट झाकून, चुलवाणाच्या धगीत रात्र काढावी लागे आणि फेस वर आला, काडी आरपार गेली की शिजली म्हणायचं. मला धगीची ओढ नाही, डोळे फार जळायचे. पण मोडायचं काम अजून हातानंच आहे.

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा फेब्रुवारीत ठेवलाय, हे संयोजकांनी फार बरं केलं. मी दोन दिवस आधी भावाकडे जाणार आहे, हळद मोडायला. त्या बाई येणार आहेत असं ऐकते. परिपाठानंतर त्यांनी हात पुढे करायला सांगितलं तर माझी बाजू मला ठाऊक आहे, डावीकडची.