मामींचे तूप आणि नऊ गुणांची मोजपट्टी

कोइमतूरजवळच्या एका अन्नप्रक्रिया कारखान्यात मी उत्पादन-विकास विभागात काम करते. घरोघरी शिजणारे पदार्थ पाकिटात बंद करून ते फ्रिजशिवाय महिनोन्महिने टिकतील असे करणे, हा आमचा व्यवसाय आहे. लोकांना वाटते की आम्ही दिवसभर चवी घेत बसतो. प्रत्यक्षात बराचसा वेळ पाकिटाच्या मध्यभागी खुपसलेल्या तापमापकाच्या तारेवर लक्ष ठेवण्यात जातो. आम्ही सध्या ज्यावर काम करत आहोत ते वेण पोंगल, म्हणजे तांदूळ आणि मूगडाळीची मिरे-जिऱ्याची मऊ खिचडी, कमी आम्लतेचे अन्न आहे. त्याचा पीएच ४.६ च्या वर असतो, त्यामुळे बोटुलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू मारण्यासाठी पाकिटाच्या सर्वांत थंड बिंदूलाही १२१ अंश सेल्सिअसला किमान ३ मिनिटांइतकी उष्णता मिळावीच लागते. या अटीत कोणाच्याही आजीसाठी सूट मिळत नाही.

आमच्या पहिल्या चाचण्यांत पाकीट उघडले की वर पिवळट तुपाचा थर आणि खाली घट्ट गोळा, असे दृश्य दिसत असे. थंड होताना भातातला स्टार्च आवळतो आणि धरून ठेवलेले तूप सोडून देतो. वासही बसका येत होता. एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी सुधारित स्टार्च आणि तुपाचा कृत्रिम स्वाद घालण्याचे सुचवले. आमच्या क्षेत्रात प्रश्न समजला नाही की बाटलीतला स्वाद सुचवला जातो, हे मी इतक्या वर्षांत पाहत आले आहे. अखेर असे ठरले की मुरलेल्या हाताच्या गृहिणीकडून पोंगल करवून घ्यावे, त्यालाच संदर्भ नमुना मानावे आणि मग त्याच्या जवळ कसे जाता येईल ते पाहावे.

त्याप्रमाणे श्रीरंगमच्या वैष्णव घरात वाढलेल्या एक मामी आल्या. सगळे त्यांना मामीच म्हणत होते, म्हणून मीही म्हणू लागले. माझे तमिळ बाजारापुरते असल्याने प्रयोगशाळेतली एक तमिळ सहकारी दुभाष्याचे काम करत होती. मामींनी सर्वप्रथम आमच्या तुपाचा डबा उघडून वास घेतला आणि विचारले, ‘‘हे दह्याचे आहे का?’’ ते दह्याचे नव्हते. कारखान्यात दुधातून यंत्राने साय वेगळी काढतात आणि ती विरजण न लावता थेट कढवतात, कारण त्यात वेळ वाचतो आणि ताकाची विल्हेवाट लावावी लागत नाही. विरजणातल्या जिवाणूंनी दिलेला आंबूस खमंगपणा त्या तुपात येणार तरी कुठून? मामींनी झाकण लावले आणि पिशवीतून स्वतःचे लोणी काढले.

त्यांनी ते लोणी पितळी उरुळीत, म्हणजे पसरट भांड्यात, मंद आचेवर कढवले. मी सवयीने तापमापक लावला होता. त्या त्याच्याकडे न बघता आवाज ऐकत होत्या. पाणी उडत असताना लोणी तडतडते, पाणी संपले की आवाज एकदम खाली येतो आणि बारीक फेस वर येतो. त्या क्षणी त्यांनी मूठभर शेवग्याचा पाला सोडला आणि पाने कुरकुरीत होताच उरुळी खाली उतरवली. आपल्याकडे विड्याचे पान टाकतात, तिकडे शेवगा. तापमापक तेव्हा ११८ अंश दाखवत होता. मला हे फार आवडले, कारण बेरी तांबूस होईपर्यंत कढवलेले तूप जास्त टिकते: बेरीतले फॉस्फोलिपिड हे मेदासारखे घटक त्या तापमानाला तुपात उतरतात आणि ते खवट होण्याला आळा घालतात. पुस्तकात हे वाचले होते, पण कोणी केवळ कानाने त्या अंशापर्यंत पोचताना प्रथमच पाहत होते. तळलेला पाला आणि बेरी मामींनी भातात कालवून आम्हाला खायला दिली. गुणवत्ता विभागाचा एक मुलगा ती नको म्हणाला, त्याचे त्याला लखलाभ.

आता प्रमाणाची अडचण आली. तूप किती ग्रॅम घालता, असे विचारल्यावर मामी हसल्या आणि त्यांनी कोपराकडे बोट दाखवले. मार्गळी या तमिळ महिन्याच्या (डिसेंबर-जानेवारी) २७ व्या दिवशी, कूडारवल्लीच्या सणाला, त्यांच्या घरी अक्कारवडिसल हा दूध-गुळाचा भात होतो. तमिळ वैष्णव संत-कवयित्री आंडाळच्या तिरुप्पावै या काव्यातील त्या दिवसाच्या पाशुरात, म्हणजे पद्यात, तूप कोपरावरून ओघळेल इतके घालावे, असे म्हटले आहे. कोपर हे माझ्या तक्त्यात बसणारे एकक नव्हते. म्हणून पुढे मी काहीही विचारले नाही. प्रत्येक वेळी त्यांनी डाव टाकून झाला की तुपाचे भांडे गुपचूप वजनकाट्यावर ठेवत गेले. २०० ग्रॅम तांदूळ आणि १०० ग्रॅम भाजलेल्या मूगडाळीला एकूण सुमारे ९० ग्रॅम तूप लागले. आमच्या सूत्रात याच्या निम्मेही नव्हते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मिरे, जिरे, आले, कढीपत्ता आणि काजू यांच्या फोडणीला त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा गेला. उरलेले सगळे भात आचेवरून उतरल्यावर डावाच्या पाठीने घोटत घोटत जिरवले गेले. आमचे पोंगल पाकिटात गेल्यावर शिजण्याच्या शेवटी १२१ अंशाला जाते. त्याला ‘उतरल्यावर’ ही पायरीच नाही.

दुपारी चव-चाचणी झाली. खोक्यासारख्या कप्प्यांत लाल दिवे लावतात, म्हणजे रंगावरून कोणी मत बनवत नाही. वाट्यांवर तीन आकडी यादृच्छिक क्रमांक असतात, दोन नमुन्यांच्या मध्ये पाणी आणि साधे चुरमुरे देतात, आणि ‘अत्यंत नावडले’ ते ‘अत्यंत आवडले’ असे १ ते ९ गुण द्यायचे असतात. मामींचे ताजे पोंगल आणि आमच्या पाकिटातले पोंगल असे दोन्ही नमुने त्यात होते. वासाच्या रकान्यात संदर्भ नमुना हरला. शेऱ्यांमध्ये ‘तीव्र’, ‘किंचित जळका’, ‘दह्यासारखा’ असे लिहिले होते. परीक्षक आमचेच कर्मचारी, बहुतेक पंचविशीच्या आतबाहेरचे, वसतिगृहाच्या मेसवर वाढलेले. त्यांच्या नाकाला डब्यातले तूप म्हणजेच तूप. ज्या चवीला आम्ही मानक म्हणून बोलावले, तिचीच परीक्षा आम्ही तिची ओळख नसलेल्यांकडून घेतली. मात्र माझ्या व्यवस्थापकांचे म्हणणेही मला खोडता येत नाही: पाकिटातले पोंगल विकत घेणार आहेत ते याच वयाचे लोक, मामी नव्हेत.

मामींना निकाल सांगितला नाही. त्यांनी आमचे पाकीट मात्र चाखले आणि म्हणाल्या, ‘‘रेल्वेत खायला चांगले आहे. तूप वेगळे द्या, वरून घालतील.’’ माझ्या आठवड्याभराच्या टिपणांत नव्हता तो उपाय यात होता: पाकिटात फोडणीपुरतेच तूप, म्हणजे थर साचणार नाही, आणि सोबत कढवलेल्या तुपाची छोटी पुडी.

मी तसा प्रस्ताव दिला. विपणन विभागाला पुडीचा खर्च जास्त वाटला, पण नाही म्हटले नाही. खरेदी विभागाने मात्र विचारले की हे वेगळे तूप पुरवठादाराकडून कोणत्या निकषावर मागवायचे. मी तुपाचे विनिर्देश, म्हणजे गुणवत्तेच्या अटींचा कागद, काढून बसले. दुधाची स्निग्धता किमान ९९.५ टक्के, ओलावा ०.५ टक्क्यांपर्यंत, त्याखाली रायकर्ट-माइसल मूल्य, म्हणजे तुपातल्या बाष्पनशील आम्लांचे माप: या सगळ्या ओळी भेसळ पकडण्यासाठी आहेत आणि त्या कामाला उत्तम आहेत, परंतु डब्यातले तूप आणि मामींचे तूप या दोहोंना त्या सारखेच उत्तीर्ण करतात. शेवटी मी ‘विरजलेल्या सायीच्या लोण्यापासून, ११५ ते १२० अंशांपर्यंत कढवलेले’ अशी एक ओळ वाढवली. ती तपासणार कशी, असा प्रश्न काल परत आला आहे. आलेल्या प्रत्येक डब्याचा वास घेण्यासाठी मामींना मानधनावर बोलवावे, असे उत्तर मी लिहून ठेवले आहे, पण अजून पाठवलेले नाही.