हेलन, भाग ७: ओठाचा टवका

कानोवा या इटालियन शिल्पकाराने केलेल्या ट्रॉयच्या हेलनच्या अर्धपुतळ्याची मी संगमरवरात नक्कल करतोय. मागच्या वेळी फुशारकी मारली होती की पॉइंटिंग (नमुन्यावरची मापं एकेका बिंदूने, म्हणजे पॉइंटने, दगडावर उतरवणं) संपत आलं. रविवारी डाव्या ओठाच्या कोपऱ्यावरून टवका उडाला. जेमतेम दीड मिलिमीटर! पण कानोवाची ती अर्ध्या अंड्याच्या टोपीतली हेलन ओठ मिटून किंचित हसते. माझी कुणाशी तरी भांडून आल्यासारखी दिसायला लागली.

दोष दगडाचा नाही. मकराण्याच्या या तुकड्याचा दाणा जरा मोठा आहे, पण पॉइंटच्या वर सोडायचा तो जादा थर मीच तिथे सोडला नव्हता. मग सुरू झाली सारवासारव. डावा कोपरा उतरवला तर उजवा जड दिसला. उजवा उतरवला तर हनुवटी पुढे आली. तीन संध्याकाळी वाकड्या कानशीने नुसता भुगा पाडला. (कार्बाइडच्या छिन्नीने ओठाजवळ जाऊ नका. साध्या पोलादाची, रोज धार लावलेलीच बरी.) बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, "ही तुझी मावशी ना रे?"

मावशीच! कपाळ-नाक एका रेषेत, डोळ्यांत बाहुली नाही, तरी मावशी. 'आदर्श' चेहरा म्हणजे काय, ते तेव्हा कळलं: ओठाशेजारची असली मिलिमीटरभर खोलगट जागा घासून सपाट करणं. बाईची ओळख नेमकी तिथेच असते.

सौंदर्यासाठी गाजलेल्या पॅरिसच्या मादाम रेकामिएचं आठवलं. १८१३-१४च्या हिवाळ्यात ती नेपल्सला गेलेली असताना कानोवाने रोममध्ये आठवणीवरून तिचे अर्धपुतळे (बस्ट) मातीत केले. परतल्यावर तिला काही ते आवडले नाहीत. पुढे त्याने ऑलिव्हची माळ चढवून त्याच चेहऱ्याची बिआत्रिचे, म्हणजे कवी दान्तेची प्रेयसी, केली. माझी टोपी अजून ढोबळच आहे, वर १४ मिलिमीटर दगड शिल्लक. त्यात पानं सहज बसतील!

हे लिहिता लिहिता दिवे घालवून बाजूने मेणबत्ती धरली. शेवटचा हात कानोवाही मेणबत्तीच्या उजेडात फिरवायचा. डाव्या पापणीखालची सावली अशी काही पडली की पाच मिनिटं नुसता बघत बसलो. सात महिन्यांत एवढी एक जागा मनासारखी झाली. ओठही या उजेडात वाईट नाहीत. त्यांना आता हात लावणार नाही, मावशी तर मावशी. हेलन रद्द, माळ पक्की.

पानांच्या शिरांसाठी ३ मिलिमीटरची सपाट छिन्नी कुणाकडे पडून आहे का?