पाडव्याची वही

आमच्या घरी दर पाडव्याला एक नवी वही निघते. १९२ पानांची, लांब, किराण्याच्या दुकानात मिळते तीच. गुढी उभी झाली की पहिल्या पानावर आई (म्हणजे माझ्या सासूबाई) हळदीकुंकवाची दोन बोटं लावतात, त्याखाली "श्री" लिहायचा आणि मग त्या दिवसापासून पुढच्या पाडव्यापर्यंत रोज रात्री जेवणं झाली की कोणीतरी त्यात लिहितं. २०२५ च्या पाडव्याला, ३० मार्चला, सहावी वही सुरू झाली. खूप दिवसांपासून याच्याबद्दल लिहायचं मनात होतं, पण सुट्टीत पोरं घरी, वाळवणाची कामं, राहूनच जात होतं.

आमचं खेडं यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा नि दिग्रसच्या मधल्या पट्ट्यात. कापूस, तूर, सोयाबीन. घरात मामाजी (म्हणजे माझे सासरे), आई, हे, मी, मुलगी आता दहावीत जाईल आणि मुलगा पाचवीत.

वही सुरू झाली ती २५ मार्च २०२० ला. तारीख आठवायला डोकं खाजवावं लागत नाही कारण त्या दिवशी पाडवा होता आणि लॉकडाउनचा पहिला दिवसही तोच. आदल्या रात्री आठला टीव्हीवर सांगितलं की बाराच्या ठोक्यापासून सगळं बंद, आणि आई एकदम म्हणाल्या, "मंग गाठीचं कसं करता वो?" गाठ्या तालुक्याच्या बाजारातून यायच्या, आणि होळीला आणलेल्या पोरांनी कधीच्या खाऊन संपवल्या होत्या. गुढी बिना गाठीची उभी करायची हे काही आईंच्या मनाला पटेना. मग मीच म्हटलं साखर तर आहे ना घरात, करून पाहू.

सकाळी सकाळी साखरेत ती जेमतेम भिजेल इतकं पाणी घालून पाक ठेवला, मळी वर यावी म्हणून चमचाभर दूध टाकलं, मळी काढली, आणि आप्पेपात्राला तूप लावून खड्ड्या-खड्ड्यातून पांढरा दोरा फिरवून त्यात तो पाक ओतला. जमला नाही. चिकट राहिला, दोरा सुटून आला. दुसऱ्या खेपेला पाक आणखी पुढं जाऊ दिला, थेंब पाण्यात टाकल्यावर टणक गोळी झाली तेव्हा उतरवला आणि पळीनं घोटत राहिले तो पांढरट होईपर्यंत, मग घाईघाईनं ओतला. तासाभरानं पात्र उलटं केलं तर सात गाठ्या एका दोऱ्यात! वाकड्यातिकड्या होत्या पण गुढीवर चढल्या. मुलीनं लगेच तिच्या शाळेच्या कोऱ्या वहीत लिहून ठेवलं, "साखर अर्धा किलो, पाणी बुडेल इतकंच, थेंब टणक झाल्याशिवाय उतरवू नये." खाली तारीख टाकली. मामाजींनी ते वाचलं आणि पेन मागितला. खाली एक ओळ लिहिली, "आज रस्त्यावर एकही गाडी नाही. गहू अजून अर्धा उभा." तीच वही पुढं वर्षभर चालली.

तेव्हापासून गाठी विकत आणलेली नाही. बाजार सुरू झाला, गाठ्यांच्या रंगीत माळा पुन्हा दुकानांत लटकल्या, तरी आमच्याकडं पाडव्याच्या आदल्या दिवशी आप्पेपात्र निघतंच. दरवर्षी आधी मागच्या वह्या काढून त्या पानावरचं वाचायचं. दुसऱ्या वर्षी लिहिलं होतं दोरा आधी ओला करा. तिसऱ्या वर्षी, तूप कमी लावा, गाठीला वास येतो. सहाव्या वर्षी मुलानं लिहिलं, "आठ झाल्या, एक मी खाल्ली."

आता वहीत काय लिहायचं याचे काही नियम नाहीत, पण आपोआप ज्याचं त्याचं ठरून गेलंय. मामाजी पाऊस, भाव आणि मजुरी लिहितात, दुसरं काही नाही. हे महिन्यातून दोनदा लिहितात आणि तेही मोटार जळली किंवा लाइन रात्रीची आली असलं काही. मी स्वयंपाक, पाहुणे, कोणाला ताप आला, कोणतं औषध दिलं. मुलगी असेल तेवढी जागा भरून लिहिते. आणि आई सांगतात, दुसरा कोणी लिहून घेतो, कारण आई शाळेत गेल्याच नाहीत.

यावरूनच सुरुवातीला एकदा घरात मोठा घोळ झाला होता. आई सांगत होत्या, "लिव, आज पानी आला," आणि मुलीनं लिहिलं "आज पाणी आले." दुसऱ्या दिवशी मामाजींनी वाचलं नि विचारलं नळ किती वाजता आला होता? आमच्या बोलीत पाऊस म्हणजे पानी, आणि पानी आला म्हणजे पाऊस पडला, नळाला येतं ते वेगळं. मुलगी म्हणाली शाळेत असं लिहिलं तर बाई लाल गोल करतात. आई गप्प बसल्या, आणि मग चार-पाच दिवस त्यांनी काही सांगितलंच नाही. विचारलं तर म्हणायच्या, "मले नाई येत वो तुमच्यासारखं." मला फार वाईट वाटलं ते. रात्री मुलीला बसवून सांगितलं की बाई शाळेत बरोबर आहेत, पण ही वही शाळेची नाही, आजी जे बोलेल ते तसंच्या तसं उतरवायचं, एक अक्षर इकडचं तिकडं करायचं नाही. आज त्या वह्यांमध्ये मला सगळ्यात जास्त वाचावीशी वाटतात ती पानं आईंचीच आहेत. "आज पोट्टे लय दमले, जेवले नि पडले." "लहान्याचा दात पडला, कवेलूवर फेकला." "काहून जीव लागत नाही आज, काय मालूम." ही शेवटची ओळ शुद्ध करून लिहिली असती तर त्यातलं काय उरलं असतं?

आईंची स्वतःची लिहायची रीत मात्र याच्याही आधीपासून होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर. दूध घेतलं त्या चौकटीत एक टिंब, मजूर बाई आली की उभी रेघ, दोन आल्या तर दोन रेघा, गॅस लावला त्या दिवसाला गोल. महिना संपला की बोटानं मोजत बरोब्बर हिशोब सांगायच्या, दूधवाल्याचा चुकायचा पण त्यांचा नाही. ही कॅलेंडरं मात्र कोणी जपून ठेवली नाहीत. वर्ष संपलं की पानं फाडून पोरांच्या पुस्तकांना कव्हर, नाहीतर फळीवर डब्यांच्या खाली.

२०२३ च्या दिवाळीत जुनी लोखंडी पेटी साफ करताना तळाशी अंथरलेलं एक पान निघालं, जून २००९. माझं लग्न २००८ चं, म्हणजे या घरातला माझा पहिला पेरणीचा हंगाम. त्या पानावर मामाजींच्या अक्षरात ७ तारखेच्या चौकटीत "मृग" आणि मग आठ, नऊ, दहा, अकरा... सगळीकडं नुसतं "नाही", "नाही", "नाही". त्या साली देशभरातच जून कोरडा गेला होता. मला ते दिवस आठवतात, पण कसे, तर मामाजी अंगणात खाटेवर बसून वर बघायचे आणि मी नवी सून म्हणून मला वाटायचं माझ्यावर रागावलेत की काय. घरात कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं असंच माझ्या डोक्यात इतकी वर्षं बसलेलं होतं. ते पान हातात घेऊन मी तिथंच पेटीपाशी बसून राहिले. चौदा वर्षांनी कळलं की त्या महिन्यात घरातलं माणूस न् माणूस फक्त आभाळाकडं बघत होतं. ते पान मी आता चालू वहीच्या आतल्या बाजूला चिकटवते, वही बदलली की ते पण बदलतं.

तेव्हापासून मी पोरांना सांगते की मोठं काही लिहू नका, आजचा दिवस लिहा. भाजी कोणती होती ते लिहा.

सणांचं म्हणाल तर वहीमुळे काही गोष्टी सुटता सुटता राहिल्या. होळीच्या आधी शेणाच्या चाकोल्या, ते मधोमध भोक पाडून वाळवायचं आणि माळ करायची, ते पोरं करतातच, त्याला लिहायची गरज नाही. पण सरगुंडे माझ्या हातून गेलेच होते. कणीक घट्ट भिजवून तिची बारीक पट्टी काडीवर गुंडाळत जायची, हलकेच ओढून काढायची नि वाळवायची, मग वर्षभर पाहुणा आला की उकडून आंब्याच्या रसासोबत. आईंचे हात आता दुखतात, एप्रिल-मेच्या त्या उन्हात बसवत नाही त्यांना. २०२१ च्या उन्हाळ्यात त्यांनी सांगितलं नि मुलीनं तीन पानं भरून लिहून घेतलं, काडी कोणती, किती जाड, कणकेत मीठ कधी, पट्टी तुटली तर काय. आता पहाटे पाचला आम्ही दोघी मायलेकी बसतो आणि नऊच्या आत उठतो. आई खाटेवरून बघतात नि "जाड झालं, जाड झालं" म्हणत राहतात.

कापूस वेचायला सुरुवात करायची त्या दिवशी आमच्याकडं सीतादही असते. शेतात पाच दगड मांडायचे, हळदकुंकू, दहीभाताचा नैवेद्य, आणि तो भात चहूबाजूंनी शिंपडून मगच पहिलं बोंड वेचायचं. मामाजी त्या दिवशीही भावच लिहितात. २०२१ च्या वहीत पाहिलं तर दिवाळीच्या आतच बराचसा माल विकून टाकल्याचं लिहिलंय, पोरीची फी होती, दवाखाना होता, आणि पुढं २०२२ उजाडल्यावर भाव क्विंटलला दहा हजाराच्या वर गेला तेव्हा मामाजींनी नुसता आकडा लिहून त्याच्याखाली दोन रेघा ओढल्यात. पेन इतका दाबलाय की मागच्या पानावर उठलाय.

आणि पोळा. यावर लिहिताना अजूनही जड जातं. २०२३ च्या उन्हाळ्यात बैलजोडी विकली. ट्रॅक्टरनं भाड्यानं वाही (नांगरणी-वखरणी) होते, चारा परवडत नाही, मामाजींचे गुडघे गेलेले, सगळी कारणं खरीच होती. त्या वर्षी अधिक श्रावण आला म्हणून पोळा पण उशिरा, १४ सप्टेंबरला. आदल्या दिवशी संध्याकाळी खांदशेकणी असते, हळद-तूप लावून बैलाचे खांदे शेकायचे नि त्याला सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. गोठा रिकामा. मी संध्याकाळभर मुद्दाम स्वयंपाकघरातून बाहेर आलेच नाही. नंतर मुलानं सांगितलं की आबाजी गोठ्यात जाऊन खुंट्याला तूप लावून आले. दोन्ही खुंट्यांना.

त्या तारखेची जागा कोरी आहे. पोळ्याची पण. कोणीच कोणाला म्हटलं नाही की लिही म्हणून. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आमच्याकडं पोरांचा लाकडी नंदी असतो, पण मुलगा म्हणाला मला मातीचे पाहिजेत, दोन. मग आम्ही सगळ्यांनी विहिरीजवळची काळी माती आणून बैल केले, मामाजींनी शिंगं वळली, नुसत्या अंगठ्यानं इतकी हुबेहूब की शेजारचे बघायला आले. एकाचं शिंग थोडं आत वळलेलं, आमच्या डाव्या बैलाचं होतं तसंच. रात्री मामाजींनी लिहिलं, "दाराला पळसाचे मेढे लावले. माती चांगली होती." (मेढे म्हणजे पळसाच्या फांद्या.) आता दरवर्षी खांदशेकणीच्या दिवशी त्या मातीच्या जोडीला तूप लागतं.

२०२३ च्या त्याच वहीला पानं कमी पडली होती. पानावर दोन दिवस म्हणजे १९२ पानांत ३८४ दिवस, आणि २२ मार्च २०२३ ते ९ एप्रिल २०२४ या दोन पाडव्यांमधले दिवस मुलीनं मोजले तर ते पण बरोब्बर ३८४! चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवस कमी, तो फरक साचत जातो आणि अधूनमधून एक अख्खा महिना जास्तीचा घालावा लागतो, हे तिला पुस्तकात होतं पण समजलं वहीमुळे. फक्त पहिलं पान "श्री"चं असल्यामुळे दोन दिवस उरले, ते पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलेत.

गेल्या आठवड्यात आई म्हणाल्या, "मले बी एक दिवस लिवू दे." मुलीनं पेन हातात दिला. आई बराच वेळ पानाकडं बघत बसल्या, मग त्या दिवसाच्या जागेत एक टिंब काढलं, एक उभी रेघ, आणि थोड्या अंतरावर एक गोल, आत आणखी एक लहान गोल. टिंब दुधाचं, रेघ मजुराची, हे सगळ्यांना कळलं. दुसऱ्या गोलाचं विचारलं तर म्हणाल्या, "तुमीच वळखा." मुलगा म्हणतो भाकर आणि त्यावर ठेचा. मुलगी म्हणते चंद्राला खळं पडलं होतं ना त्या रात्री, ते. मामाजींनी चष्मा लावून पाहिलं नि काही न बोलता वही मिटवून फळीवर ठेवून दिली.