सावंतवाडीकडचे रायवळ आंबे बघायला जाताय? आधी हे वाचा

"शंभर जातींचे आंबे दाखवतो" म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. आमच्या माणसाने नेलं ते थेट हापूसच्या बागेत. सगळी कलमं, म्हणजे एकाच झाडाच्या नकला. त्यात वैविध्य काय डोंबल बघणार?

बघायचा तो कोयीतून आलेला रायवळ. आंब्याचं परपरागीकरण होतं, म्हणजे एका झाडाच्या फुलाला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात, त्यामुळे कोयीचं रोप आईसारखं निघत नाही. नवं वाण काढणाऱ्याला हीच सरमिसळ लागते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसचा संकर करून १९८१ साली 'रत्ना' आणला. त्यात हापूसचा साका (गरातला पांढरट, खराब भाग) नाही आणि झाड दरवर्षी फळ धरतं. म्हणजे नुसता हापूस कवटाळून बसून भागत नाही.

खरे रायवळ सड्यापलीकडच्या (सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार) वाडीत भेटले. पण तो सडा! मे महिन्यात अकरानंतर त्यावर पाय ठेवू नका. सावलीला झुडूप नाही, जांभा खालून भाजतो. पलीकडची उतरण तर महाभिकार: सुट्या चिऱ्यांचे तुकडे पायाखालून सटकतात आणि धरायला फक्त करवंदीची जाळी. गुळगुळीत तळाचे बूट असतील तर जाऊच नका. सकाळी सहाला निघा, पाणी माणशी तीन लिटर.

खाली पोचल्यावर मात्र थकवा विसरलो. व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, एक बिटकी: इवलासा आंबा, तोंडात टाकून चोखायचा. शेजारच्या झाडाचा आंबा नुसत्या रेषा, पण वास असा की हापूसने लाजावं. वाडीतल्या काकींना आमचं हसू आलं. "रायवळात काय बघूचा?" एक झाड सरपणासाठी तोडायचं ठरलंय म्हणाल्या.

कोयी आणल्यात तर सुकवू नका, लगेच रुजत घाला. उगवण्याची ताकद फार दिवस टिकत नाही. तेच झाड हवं असेल तर कोय कामाची नाही. मालकाला विचारून पावसाळ्यात काड्या न्या, ओल्या फडक्यात गुंडाळून, आणि कोय कलम करा, म्हणजे कुठल्याही कोयीच्या कोवळ्या रोपावर ती काडी बांधा. झाडाची जागा आणि फळाचा फोटो एकत्रच नोंदवा, घरी आल्यावर सगळी झाडं सारखी वाटतात.



सावंतवाडी रोड स्टेशन शहरापासून लांब आहे. तिथे रिक्षावाल्याने सातशे सांगितले, शेवटी चारशेत आला. परतीचं भाडं तिथेच ठरवून टाका. सड्यावर फोनला रेंज नाही.