झुएफची जुनी इंजिनं पुन्हा रुळावर आणताना: माझा अनुभव

टेबलावर आगगाडीची दोन मॉडेल इंजिनं आहेत: विजेवरचं सीसी ७१०७ आणि वाफेचं १४१ आर. दोन्ही झुएफ या फ्रेंच खेळणी-कंपनीची, दोन्ही एचओ म्हणजे १:८७ मापाची, १२ व्होल्ट डीसीवर चालणारी. आणि दोन्ही बंद. झुएफ दुरुस्त करायला बसलं की एक गोष्ट लगेच कळते. कारखान्याने जिथे जिथे पैसे वाचवले, बिघाड बरोबर तिथेच निघतो. त्यामुळे या कंपनीचा इतिहास थोडा तरी माहीत असला, तर पेचकस नेमका कुठे लावायचा ते लवकर समजतं.

झॉर्झ उआर यांनी १९४४ मध्ये फ्रान्सच्या झ्युरा भागातल्या शांपान्योल गावात ही कंपनी काढली. 'फ्रेंच खेळणी' यासाठीचे फ्रेंच शब्द आखडून 'झुएफ' हे नाव तयार झालं. झ्युरा आणि त्याच्या लगतचा मुलूख लाकडी खेळण्यांचा आणि पुढे प्लास्टिकच्या साच्यांचा. साहजिकच झुएफने धातूऐवजी प्लास्टिकची कवचं धरली आणि किंमत सर्वसामान्य घराला परवडेल अशी ठेवली. तिकडे पॅरिसजवळच्या बोबिनीतला मेकानो हा खेळण्यांचा कारखाना १९६० पासून 'हॉर्नबी-आशो' नावाची एचओ मालिका काढत होता. ती सत्तरच्या दशकात संपली, झुएफ मात्र टिकली. साठच्या दशकात इंग्लंडमध्ये मेटॉय कंपनी 'प्लेक्राफ्ट' नावाने आगगाड्या विकायची, त्याही शांपान्योलच्याच. म्हणून इंग्लंडहून आलेल्या जुन्या खोक्यात प्लेक्राफ्ट दिसलं तर मी ते बाजूला टाकत नाही; सुटे भाग बऱ्याचदा त्यातूनच मिळतात.

सीसी ७१०७ बद्दल थोडं. मार्च १९५५ मध्ये खऱ्या ७१०७ ने आणि बीबी ९००४ या दुसऱ्या इंजिनाने दक्षिण-पश्चिम फ्रान्समध्ये वेगाचा जागतिक विक्रम केला. अधिकृत आकडा दोघांनाही ताशी ३३१ किमी असा दिला गेला. प्रत्यक्षात ७१०७ चा वेग ३२६ होता हे बऱ्याच काळाने बाहेर आलं. दोन्ही इंजिनं १,५०० व्होल्ट डीसीवरची, म्हणजे आपल्या मुंबई-पुणे मार्गावर अनेक दशकं होता तोच विजेचा दाब. ७१०७ ज्या मालिकेतलं, त्या खऱ्या सीसी ७१०० ची लांबी १८.९२ मीटर आहे. तिला ८७ ने भागलं की २१७ मिमी येतात. मॉडेल विकत घेण्याआधी मी हा भागाकार करतोच. डब्यांच्या बाबतीत तर तो केल्याशिवाय चालतच नाही. साधारण २५ मीटरचा फ्रेंच डबा एचओमध्ये २८७ मिमीच्या आसपास भरायला हवा, पण जुने झुएफ डबे त्याहून बरेच आखूड असतात. घरातल्या अरुंद वळणावर लांब डबा बाहेर झुकतो आणि शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासतो, म्हणून ते मुद्दाम आखूड केलेले. हा दोष मी मानत नाही. मात्र आखूड आणि पूर्ण लांबीचे डबे एकाच गाडीत लावू नयेत, फारच विचित्र दिसतं.

आता काम. बंद इंजिनाला मी थेट १२ व्होल्ट देत नाही. कवच काढतो. ते बहुतेक वेळा खालच्या कडेच्या खाचांत अडकलेलं असतं, कधी एका स्क्रूवर असतं. कवचाचं जुनं पॉलिस्टायरीन प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, त्यामुळे नखाने किंवा प्लास्टिकच्या पातळ पट्टीने दोन्ही बाजू सारख्या फाकवायच्या. पेचकसाने उचकटलं तर कड तुटते. कवच कोमट पाण्यात, भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब टाकून धुतो. अ‍ॅसिटोन, थिनर, पेट्रोल यांतलं काहीही नको, प्लास्टिक विरघळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलही आकड्यांच्या छपाईवर लावू नये, आधी पोटाकडच्या बाजूला लावून पाहावं.

मग मोटर. आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाला, तीन गुंडाळ्या असतात आणि त्यांना वीज पोचवणाऱ्या कम्युटेटरचे तीन तुकडे. कम्युटेटरवर घासणारे कार्बनचे ब्रश बाजूला करून मल्टीमीटरने दोन-दोन तुकड्यांमधला रोध मोजायचा. तीन जोड्या, तीन आकडे. ते जवळपास सारखे आले तर मोटर वाचली. एखादा इतर दोघांपेक्षा फार वेगळा आला तर गुंडाळी तुटलेली किंवा आतून शॉर्ट आहे. अशा वेळी साफसफाईत वेळ घालवू नये. आकडे ठीक असतील तर तुकड्यांमधल्या तीन फटी लाकडी टूथपिकने साफ करायच्या. कार्बनची भुकटी तिथे साचून पूल तयार करते, मग मोटर गरम होते, करंट जास्त खाते आणि तरी हळू फिरते. 'मोटर गेली' म्हणून विकायला काढलेल्या इंजिनांत हाच प्रकार सर्रास असतो. जुन्या धातूच्या चुंबकातून आर्मेचर बाहेर काढायचं असेल तर आधी दोन्ही ध्रुवांना जोडणारी पोलादी पट्टी लावावी, नाहीतर चुंबक कमजोर होतो. गरज नसेल तर काढूच नये.

जुनं ग्रीस तपकिरी मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते पूर्ण खरवडल्याशिवाय नवीन तेल घालण्यात अर्थ नाही. आर्मेचरच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना सुईच्या टोकावरून एकेक थेंब, बस. तेल कम्युटेटरवर उडालं की कार्बनशी मिसळून चिखल होतो. गंज सोडवणारा स्प्रे मोटरीत मारू नये, तो सगळीकडे पसरतो.

१४१ आर मध्ये खरी गंमत आहे. युद्धानंतर अमेरिका आणि कॅनडातून फ्रान्ससाठी या जातीची १,३४० इंजिनं बांधली गेली. त्यांतली काही जहाजासह समुद्रात बुडाली. झुएफच्या मॉडेलमध्ये बॉयलर पोकळ आणि मोटर मागच्या टेंडरमध्ये, म्हणजे कोळशाचा डबा इंजिनाला ढकलतो. पुढची चाकं नुसती फिरतात, त्यामुळे त्यांना जोडणाऱ्या दांड्यांमध्ये केस किंवा धागा अडकला तरी ती घसटत जातात आणि पाहणाऱ्याला वाटतं मोटर कमजोर आहे. आधी टेंडर सोडवून एकटा चालवून पाहावा. तो नीट धावला तर दोष पुढे आहे.

टेंडरच्या चाकांवर रबरी टायर असतात आणि रबर वीज घेत नाही. म्हणजे ओढायला पकड मिळाली, पण वीज घेणारी चाकं कमी झाली. इंजिन थांबत थांबत चालत असेल तर मी पहिल्यांदा चाकाच्या पाठीवर घासणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या, आणि मग इंजिन-टेंडरमधला विजेचा जोड तपासतो. पट्टी चाकाला हलकी टेकलेली हवी. जोरात दाबली तर तीच ब्रेक होते.

टायर बदलताना चाकाच्या खाचेचा व्यास व्हर्नियरने मोजावा आणि त्याहून दहा-पंधरा टक्के कमी आतल्या व्यासाचं रबर घ्यावं. सैल टायर वळणावर उतरतो. जाडीकडे कुणी फारसं बघत नाही, पण सगळं तिथेच बिघडतं. रबर खाचेच्या खोलीपेक्षा जाड असेल तर ते चाक उंच होतं, शेजारची वीज घेणारी चाकं रुळावरून किंचित उचलली जातात, आणि नवा टायर घालूनही इंजिन आधीपेक्षा वाईट चालतं.

चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा 'टक्' असा आवाज आला तर दात्यांचं प्लास्टिकचं चाक चिरलंय असं समजावं. प्लास्टिक वर्षानुवर्षं आकसतं, आतली पोलादी आस आकसत नाही. फेविक्विक लावण्याचा मोह आवरावा, या प्लास्टिकवर ते टिकत नाही. बदली चाक मागवताना दात मोजायचे, बाहेरचा व्यास घ्यायचा, आणि व्यासाला दातांच्या संख्येत दोन मिळवून भागायचं. २० दात आणि ८.८ मिमी व्यास असेल तर ८.८ भागिले २२, म्हणजे मॉड्यूल (दात्यांच्या आकाराचं माप) ०.४. आतल्या भोकाचा व्यासही विक्रेत्याला कळवावा लागतो.

रुळांचंही बघायला हवं. एचओची रुंदी १६.५ मिमी, चाकांच्या पाठींमधलं अंतर १४.४ मिमीच्या आसपास असावं. जुन्या झुएफ चाकांच्या कडा खोल आहेत. २.५४ मिमी उंचीच्या, म्हणजे कोड १०० च्या रुळावर त्या चालतात. कोड ७५ च्या नाजूक रुळावर स्लीपरच्या खिळ्यांना ठोकर देत जातात. चाकं लेथवर घासून घेणारे आहेत, पण मला कोड १००ची एक वेगळी फेरी टाकणं सोपं वाटतं.

वय ठरवताना रंगसंगतीवर भरवसा ठेवू नये, कारण जुन्या रंगातलं मॉडेल नंतरही छापलं जातं. मॉडेलवरची सर्वांत उशिराची खूण पकडायची. युरोपात तिसरा वर्ग ३ जून १९५६ ला बंद झाला (आपल्याकडे १९७४ पर्यंत होता), पण तिसऱ्या वर्गाचा आकडा असलेला डबा त्यानंतरही बनलेला असू शकतो. उलट डब्यावर बारा आकडी आंतरराष्ट्रीय क्रमांक असेल तर तो साठच्या दशकाच्या उत्तरार्धाआधीचा नाही, आणि कोराय या फ्रेंच जातीचा डबा १९७५ च्या आधीचा असूच शकत नाही.

सुटे भाग मागवण्यापूर्वी खोक्यावरचा क्रमांक वाचावा. झुएफ आधी इटलीच्या लिमाकडे गेली आणि लिमा बुडाल्यावर २००४ मध्ये इंग्लंडच्या हॉर्नबीने दोन्ही नावं घेतली. क्रमांक 'एचजे' ने सुरू होत असेल तर ते हॉर्नबीच्या काळातलं मॉडेल. त्याची मोटर, दाते, टायर शांपान्योलच्या इंजिनाला बसतील असं गृहीत धरू नये. नाव एकच असल्यामुळे विक्रेतेही गोंधळतात. मी व्यास, दात आणि भोक यांचे आकडे लिहून, खाली मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो सोबत पाठवतो.

जोडणी झाल्यावर पहिली धाव ३-४ व्होल्टवर, डबे न लावता, दोन्ही दिशांना दहा-दहा मिनिटं. मीटर मालिकेत लावून करंट बघत राहायचा. सुरुवातीला जास्त असलेला आकडा हळूहळू खाली यायला हवा. तो चढत गेला तर लगेच बंद करून परत कम्युटेटरच्या फटी बघाव्यात.