'काही नाही' म्हणजे काय?

रविवार, रात्री उशिरा

उजव्या हाताची तर्जनी दुखते आहे. दिवसभर सहलीत ताईच्या तळहातावर लिहीत होते; तिला नीट दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, म्हणून तिच्याशी असं बोलायचं. अंग थकलंय, झोप यायला हवी, पण एक गोष्ट डोक्यात रुतून बसली आहे. ती आधी कागदावर उतरवते.

जाताना बसमध्ये पुढच्या बाजूला दोघांचे आवाज चढले. ड्रायव्हरने बस कडेला घेतली. सगळे माना उंचावून बघायला लागले, मीही. ताईला ते दिसलं नाही आणि ऐकूही आलं नाही. पण बस मध्येच थांबली, शेजारची माणसं उठून उभी राहिली आणि माझा दंड ताठ झाला, एवढं तिला नक्की कळलं. दंडाला धरूनच ती बसली होती. तिने तळहात पुढे केला. मी लिहिलं, 'काही नाही'.

तिने हात मागे घेतला. थोड्या वेळाने तिच्या त्या जरा मोठ्या, एकसुरी आवाजात म्हणाली, "काही नाही म्हणजे काय? बस थांबलीय."

तीन वर्षं मी ताईसारख्या बधिरांध, म्हणजे दिसणं आणि ऐकणं दोन्ही अधू असलेल्या, मंडळींच्या सहलींना सोबती म्हणून जाते आहे. तीन वर्षांनंतरही माझ्या बोटातून पहिले शब्द बाहेर पडले ते हेच.

ताईच्या घरी तिच्याशी सगळे बोलतात. प्रेमाने बोलतात. 'जेवायला चल.' 'गोळी घे.' 'उद्या दवाखान्यात जायचंय.' पण खोलीत हशा पिकला आणि तिने विचारलं, काय झालं, तर उत्तर मिळतं, 'नंतर सांगते.' ते नंतर कधी येतच नाही. यात कुणाचा दुष्टपणा नाही. तळहातावर एक वाक्य लिहायला वेळ लागतो, म्हणून माणूस वाक्य आखडतं घेतो. आखडत आखडत शेवटी फक्त सूचना उरतात. कोण कुणावर रुसलं, कुणाचा नवा शर्ट कसा दिसतो, मांजर कुठे जाऊन बसलंय, हे सगळं गळून पडतं. आपल्या दिवसभराच्या बोलण्यातलं कामाचं तेवढं बाजूला काढलं, तर किती उरेल? बाकीच्या बिनकामाच्या बोलण्यावरच तर माणसं एकमेकांची होतात.

ताईला अशर सिंड्रोमचा दुसरा प्रकार आहे. या आनुवंशिक आजारात ऐकणं आणि दिसणं दोन्ही कमी होतं. जन्मापासून कमी ऐकू यायचं, पण श्रवणयंत्र लावून ती बोलायला शिकली, शाळेत गेली. वयात येताना संध्याकाळी ठेचकाळायला लागली. सगळे तिला वेंधळी म्हणायचे. त्यातल्या रेटिनायटिस पिग्मेंटोसामध्ये, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या बिघाडात, आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग कडेचं जातं, आणि बोगद्याच्या तोंडातून बघावं तसं मधलं तेवढं शिल्लक राहतं. ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ चार्ल्स अशर यांनी १९१४ मध्ये हा आजार कुटुंबांमधून कसा उतरतो ते मांडलं. तिच्या घरी मात्र हे नाव पोचेपर्यंत ती बावीस वर्षांची झाली होती. आज तिचा बोगदा जवळजवळ मिटला आहे. शांत खोलीत, कानाजवळ, एकच माणूस बोलत असेल तर तिला शब्द लागतात. बसमध्ये नुसता कल्लोळ.

बधिरांध म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मिट्ट काळोख आणि संपूर्ण शांतता येते. प्रत्यक्षात बहुतेकांना थोडं दिसत असतं किंवा थोडं ऐकू येत असतं. प्रत्येकाचं ते 'थोडं' वेगळं, म्हणून प्रत्येकाशी बोलायची रीतही वेगळी. जागतिक बधिरांध महासंघाच्या २०१८ च्या अहवालात तीव्र बधिरांधत्व असलेल्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या ०.२ टक्के धरलं आहे. पाचशेत एक. एवढी माणसं मग रस्त्यावर, बागेत, बसमध्ये का दिसत नाहीत? ती घरात आहेत. 'जेवायला चल' आणि 'गोळी घे' यांच्या मधल्या वेळात बसून आहेत.

आज सहलीला सात जण होते. खरं तर नऊ जण यायचे होते. सहलीला माणशी एक सोबती लागतोच, आणि खुणांच्या भाषेत बोलणारं कुणी असेल तर दुभाषीही लागतो. काल रात्री दोन सोबत्यांनी यायचं रद्द केलं. मग दोघांना कळवावं लागलं, या वेळी थांबा. त्यातल्या एका काकूंचा उलट निरोप आला: 'ठीक आहे. कपडे काढून ठेवले होते.' तो निरोप मी दिवसातून चार वेळा उघडून वाचला. सोबत करणारा ऐन वेळी गळाला तर त्याचा एक रविवार मोकळा होतो. काकूंचा अख्खा महिना जातो.

बाग छान होती, तळ्याकाठची. पण दृश्याचं वर्णन करण्यात मी फार वेळ घालवला नाही. ताईला झाडं नको होती. तिने विचारलं, "माणसं कोण कोण आहेत?" मग मी लिहीत गेले: दोन मुली, एकच सायकल, भांडण. एक म्हातारा, झोपलाय, चप्पल उशाला. तळहातावर लिहायची रीत अशी: शिरोरेखा द्यायची नाही, जोडाक्षर फोडायचं, प्रत्येक अक्षर त्याच जागी, आधीच्या अक्षरावर. शब्द संपला की क्षणभर थांबायचं, चुकलं तर तळहाताने पुसून टाकायचं. ताई अर्ध्या शब्दातच ओळखते आणि पुढचा शब्द स्वतः बोलून टाकते. चप्पल उशाला घेतलेला म्हातारा तिला इतका आवडला, की जाईपर्यंत तीनदा विचारलं, "उठला का?"

दुपारी सहलीतले एक आजोबा आणि एक मुलगा एका बाकावर आले. आजोबांचं दिसणं आणि ऐकणं म्हातारपणी गेलं. त्यांना ब्रेल येत नाही, खुणा येत नाहीत. त्यांच्याशी फक्त तळहातावर मोठ्या अक्षरांत बोलता येतं. (बधिरांध माणसांत वयस्कांचीच संख्या सर्वात मोठी आहे, पण त्यांना आपण नुसतं 'वय झालं' म्हणून मोकळे होतो.) मुलगा जन्मतः बहिरा, खुणांच्या भाषेत वाढलेला. आता नजर गेल्यावर समोरच्याच्या हातांवर हात ठेवून तो खुणा वाचतो. म्हणजे मुलाने खुणा करायच्या, दुभाष्याने त्या बोलून दाखवायच्या, मी ऐकून आजोबांच्या हातावर लिहायच्या. आजोबांचं उत्तर त्याच रस्त्याने उलटं जायचं. 'कसा आहेस' आणि 'बरा आहे' एवढ्यालाच काही मिनिटं गेली. दोघंही कंटाळले.

आजोबा पूर्वी सुतारकाम करायचे. गप्प बसल्या बसल्या त्यांचा अंगठा बाकाच्या कोपऱ्यावर फिरत होता. मध्येच त्यांनी मुलाचं मनगट धरलं आणि त्याची बोटं सांध्यावर नेऊन ठेवली. मग स्वतःच्या दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवून, मुलाला वरून चाचपू देऊन, तो सांधा कसा बसतो ते दाखवलं. मुलाने बोटं सोडवून पाहिली, पुन्हा अडकवली. मग आजोबांच्या मांडीवर भराभर टकटक केली. आजोबा दचकले. दुभाष्याने मला सांगितलं आणि मी लिहिलं, 'कळलं म्हणतोय.' पुढच्या वेळी टकटक झाली तेव्हा आजोबांना सांगावं लागलं नाही.

ही मांडीवरची टकटक तो मुलगा एका शिबिरात शिकून आला आहे. २००७ च्या सुमारास अमेरिकेतल्या सिएटल शहरात बधिरांध मंडळींनी स्वतःच ठरवलं, की आपलं आपसातलं बोलणं डोळस दुभाष्यांमधून का जावं? गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, आणि ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याच्या अंगावर हुंकार द्यायचा. आपण मान डोलावतो, 'हं' म्हणतो, ते सगळं स्पर्शात. प्रोटॅक्टाइल हे त्या पद्धतीचं नाव. आपण बोलतोय ते कुणी ऐकतंय की उठून गेलंय, हे न कळता बोलत राहणं कसं असेल, याचा विचार मी ती टकटक बघेपर्यंत केला नव्हता.

मंगळवार

आज माझी पहिली सहल आठवली. ताईला वाटेच्या मधोमध उभं करून मी पाणी आणायला गेले होते. 'दोन मिनिटं' लिहून गेले आणि रांगेत दहा मिनिटं गेली. परत आले तर ती जिथे होती तिथेच, दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून उभी. मधल्या वेळात कुणीतरी तिला घासून गेलं होतं. ती रागावली नाही. म्हणाली, "मोकळ्या जागेत सोडायचं नाही. भिंत, खांब, झाड, काहीही हाताला दे. मग तू अर्धा तास गेलीस तरी मी कुठेतरी असते." मी कुठेतरी असते, हे तिचे शब्द. नव्याने येणाऱ्या प्रत्येक सोबत्याला मी ते सगळ्यात आधी सांगते, कोपर कसं धरू द्यायचं, अर्धं पाऊल पुढे कसं चालायचं आणि पाठीवर मोठी फुली काढली की 'धोका, काही न विचारता लगेच चल', याच्याही आधी.

बुधवार

सातोशी फुकुशिमा यांच्याबद्दल पुन्हा वाचलं. नवव्या वर्षी दृष्टी गेली, अठराव्या वर्षी ऐकणं. पुढे ते टोकियो विद्यापीठात प्राध्यापक झाले. पण मी अडकते ते त्यांच्या आईपाशी. ब्रेल टाइपरायटरला सहा ठिपक्यांच्या सहा कळा असतात, तीन डाव्या हाताला, तीन उजव्या. एके दिवशी स्वयंपाकघरात आईने मुलाच्या बोटांनाच कळा मानलं आणि त्यांवर टिचक्या मारून वाक्य उमटवलं. त्यातून बोटांवरचं ब्रेल जन्माला आलं. सराव झाला की ते साध्या बोलण्याच्या वेगाने चालतं.

वेग. रविवारपासून मी ज्याच्याभोवती फिरते आहे ते हेच असावं. मी 'काही नाही' लिहिलं कारण खरं उत्तर लांब होतं आणि माझं बोट हळू होतं. ताईला ब्रेल उत्तम येतं. मला येत नाही. तीन वर्षांत मी ते शिकले नाही, तिच्या तळहातावर माझी लिपी उमटवत राहिले.

तिला निरोप टाकला: 'मला ब्रेल शिकवशील?' तिच्याकडे ब्रेल डिस्प्ले आहे, फोनला जोडलेला. आलेला निरोप त्यावर ठिपके होऊन उठतो. उत्तर पटकन आलं: 'शिकवेन. पण चुकलीस तर बोटावर मारेन. माझ्या बाई मारायच्या.'

गुरुवार

काकूंच्या शेजारणीला भेटायला गेले. आमच्या सहलीची गाडी चुकली तर महिन्याभराने पुन्हा येणार, पण शेजारीण रोज आहे. पलीकडच्या घरातल्या माणसाला रोज दहा मिनिटं गप्पा मारता आल्या तर सहलीवर एवढा भार पडणार नाही. तिला वाटत होतं, यासाठी मोठं प्रशिक्षण लागत असेल. मी काकूंचा हात तिच्या हातात दिला. हळूच मनगटाला स्पर्श करून 'मी आलेय' सांगायचं, स्वतःची एक ठरलेली खूण द्यायची, म्हणजे कोण आलंय ते कळतं, आणि मग लिहायचं. शेजारीण अवघडली. म्हणाली, "काय लिहू? माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीये."

मी म्हटलं, तेच लिहा. आज काय काय झालं नाही ते.

तिने थोडा विचार केला आणि लिहिलं, 'नळ बिघडला.' काकूंनी लगेच विचारलं, कुठला? कधी? मग? मी निघाले तेव्हा दोघी नळाच्याच गोष्टीत होत्या.

रात्री साडेनऊला ताईचा निरोप: 'बसमध्ये नक्की काय झालं होतं?'

मला माहीत नव्हतं. मी तिथे असून, डोळे-कान असून, बघितलं आणि सोडून दिलं होतं. पुढच्या बाकावर बसलेल्या सोबत्याला फोन केला. त्याच्याकडून सगळं काढून घेतलं आणि टाइप करायला बसले: खिडकीवरून भांडण. एकाला वारा हवा होता, दुसऱ्याच्या मांडीवर बाळ. पहिला म्हणाला, बाळाला टोपी घाला. दुसरा म्हणाला, तुम्ही घाला टोपी. ड्रायव्हर उठून आला आणि म्हणाला, दोघं जागा बदला, नाहीतर मी इथेच जेवायला बसतो. तेव्हा बाळ हसलं.

पाठवून दिलं. अर्ध्या मिनिटात उत्तर.

'बदलली का जागा?'

पुन्हा फोन लावते आहे.