पायथनची स्टँडर्ड लायब्ररी, डॉक्युमेंटेशन न उघडता: आठवडा सहावा

पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबत येणाऱ्या तयार कोडच्या संग्रहातलं (स्टँडर्ड लायब्ररी) मला न बघता किती येतं, याची ही माझी आठवड्याची चाचणी. पद्धत तीच. सिस मॉड्यूलमध्ये (मॉड्यूल म्हणजे या संग्रहाचा एक भाग) पायथन ३.१० पासून स्टँडर्ड लायब्ररीतल्या सगळ्या मॉड्यूल्सच्या नावांचा संच तयार मिळतो. त्यातली अंडरस्कोरने सुरू होणारी नावं गाळायची, रँडमने एक उचलायचं आणि वही घेऊन बसायचं.

बदल एकच केलाय. पहिले चार आठवडे फंक्शनांची नावं आणि आर्ग्युमेंट्स आठवत होते. दहातली आठ सहज जमायची. आता छोटा कोड लिहून त्याचं आउटपुट आधी वहीत लिहायचं, मग चालवायचं. या आठवड्यात दहापैकी चार बरोबर. माझी खरी तयारी एवढीच आहे, आणि मोजायची तर हीच मोजायला हवी.

इटरटूल्समधलं ग्रुपबाय, म्हणजे यादीचे गट पाडणारं फंक्शन, मी दोन वर्षं वापरतेय. भाजी, भाजी, दूध, भाजी अशी खर्चाची यादी दिली आणि वहीत दोन गट लिहिले. आले तीन. ते फक्त लागोपाठचे सारखे घटक एकत्र करतं, म्हणून ज्या निकषाने (की) गट पाडायचे, आधी त्यानेच सॉर्ट करावं लागतं. दुसरी चूक अधिक खोल: आधी सगळ्याची लिस्ट करून मग गट उघडले, तर ते रिकामे! सगळे गट एकाच इटरेटरवर, म्हणजे एकेक घटक देत फक्त पुढे जाणाऱ्या वस्तूवर, चालतात. पुढे सरकलं की मागचा गट हातचा जातो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मजकुरात नमुने शोधणाऱ्या आरई मॉड्यूलवर. ‘मराठी’ या शब्दावर बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस (सलग शब्द-अक्षरांचा नमुना) लावून फाइंडऑल, म्हणजे जुळणारे सगळे तुकडे काढणारं फंक्शन, चालवलं. मी एक तुकडा लिहिला होता. निघाले दोन, ‘मर’ आणि ‘ठ’. काना आणि वेलांटी दोन्ही गायब. प्रत्येक अक्षरचिन्हाची माहिती देणाऱ्या युनिकोडडेटा मॉड्यूलला कॅटेगरी विचारली तेव्हा उलगडा झाला: या दोन्ही मात्रा ‘एमसी’ वर्गात, म्हणजे चिन्हं, अक्षरं नव्हेत. याच कारणाने ‘मराठी’वर इजअल्फा (सगळी अक्षरंच आहेत का, हे सांगणारं) फॉल्स देतं. उलट मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या इंटला ‘४२’ दिलं तर एरर येईल असं लिहिलं होतं, पण सरळ ४२ मिळाले. आपले अंक चालतात, मात्रा तुटतात. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा स्वतः चालवून पाहावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. नमुन्यात देवनागरीची सगळी रेंज दिली तर दंडही (‘।’) शब्दाला चिकटतो, म्हणून मी कॅटेगरी एल (अक्षरं) किंवा एमने (चिन्हं) सुरू होते का, ते तपासून शब्द तोडतेय. आतापर्यंत नीट चाललंय.

कलेक्शन्समधला काउंटर, म्हणजे कोणती गोष्ट किती वेळा आली ते मोजणारा, मात्र पक्का बसला: एकातून दुसरा वजा करताना वजा चिन्हाने शून्य आणि ऋण मोजण्या गळतात, सबट्रॅक्टने राहतात.

पायथन ३.१३ वर अशी चाचणी घेणाऱ्यांसाठी: सीजीआय, टेलनेटलिबसकट १९ जुनी मॉड्यूल्स त्यात काढून टाकली आहेत, तेव्हा ती पाठ करण्यात वेळ घालवू नका.

पुढच्या आठवड्याची चिठ्ठी निघालीय: बायसेक्ट, म्हणजे सॉर्ट केलेल्या यादीत नवी किंमत कुठे बसेल ते शोधणारं मॉड्यूल. त्यातल्या डाव्या आणि उजव्या प्रकारातला फरक सारख्या किमती असलेल्या यादीवर आधी वहीत लिहून ठेवलाय, कोड अजून चालवलेला नाही.